भारीवाली शीट

धाडकन नाक आपटलं, तेव्हा माझ्यासमोर काहीच नव्हतं.

आईशप्पथ, काहीच नव्हतं! साकीनाक्याचं भरदुपारचं ऊन होतं, गाळ्यागाळ्यांतून येणारा खडखडाट होता, पलीकडे माल उतरवणारा टेम्पो होता. मी तरातरा एक पाऊल पुढे टाकलं आणि हवेनंच माझ्या नाकावर ठोसा मारला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पर्स एकीकडे, चप्पल दुसरीकडे.

“अगं आई गं…!”

“लागलं? खूप लागलं का?”

आवाज हवेच्या पलीकडून येत होता. डोळे चोळून बघितलं, तर एक उंच, सावळा मुलगा दोन्ही हात पसरून उभा. त्याच्या हातात माझ्या उंचीची ॲक्रिलिकची शीट होती. इतकी स्वच्छ, की फक्त तिच्या कडा दिसत होत्या, बाकी सगळं आरपार.

“दिसत नाही का तुम्हाला?” मी खेकसले. “भररस्त्यात काचा घेऊन फिरता ते!”

“मला दिसलात की तुम्ही. चांगल्या लांबून दिसलात,” तो म्हणाला. “शीट तुम्हाला दिसली नाही. आणि दिसू नये म्हणूनच तर लोक ती विकत घेतात, मॅडम.”

वर हसला! मला असा राग आला म्हणून सांगू. पण शीटवर माझ्या पावडरचा नाकाएवढा गोल ठसा उमटला होता, आणि तो त्या ठशाकडे असं काही निरखून बघत होता, की मलाच हसू फुटलं. नाक चोळता चोळता माझं लक्ष शीटकडे गेलं. रेघ नाही, बुडबुडा नाही. सकाळपासून चार दुकानं पालथी घातली होती मी. बोटभर पट्ट्या हव्यात म्हटल्यावर सगळ्यांनी मला येडचाप समजून वाटेला लावलं होतं.

“अशीच एक शीट आहे का? वरचा चिकटलेला कागद न काढलेली?” मी विचारलं. “मला तिच्या पट्ट्या कापून हव्यात. बोटाएवढ्या.”

“बोटाएवढ्या?” त्यानं भुवया उंचावल्या. “लोक शोकेस करून घेतात, बोर्ड करून घेतात. बोटाएवढ्या पट्ट्यांचं काय करणार?”

“किरण मोजणार.”

“कोण किरण?”

“रेडिएशन हो! गॅमा किरण!”

त्यानं शीट काखोटीला मारली आणि म्हणाला, “चला. आमच्या शीटवर नाक आपटलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, असं आजपासून ठरलं.”

शहाऐंशी सालचा ऑक्टोबर होता. त्याचं नाव विद्याधर धुरी. माझं उत्तरा म्हाडगुत.

धुरींचा गाळा म्हणजे दोन टेबलं, एक कटर मशीन, भिंतीला टेकवलेल्या शीटा आणि दारात स्टुलावर त्याचे वडील, लवूकाका. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून काका दिवसभर तिथंच बसायचे. माझं आडनाव कळल्याबरोबर त्यांनी मला माझं गाव, माझ्या आजोळचं गाव, सगळं विचारून घेतलं आणि दोन्ही आपल्या गावापासून जवळच, असं ठरवूनही टाकलं.

“बस गो चेडवा. च्याय घेतंस मा?”

चहा आधीच आला होता. विद्याधरनं न विचारता मागवला होता, आलं घालून, साखर जास्त. बरोबर गरम बटाटेवडा, तोही न विचारता. मला आवडला. कुणी आपल्यासाठी इतकं झटपट काही करतंय, हेच कोण अप्रूप होतं तेव्हा.

मी त्यांना माझं काम सांगितलं. मुलुंडला आमची प्रयोगशाळा. इंजेक्शनच्या सुया, टाके घालायचा दोरा, सलाईनच्या नळ्या, असा माल बंद खोक्यांतून आमच्याकडे यायचा. ती खोकी कोबाल्टच्या किरणांसमोरून फिरवली, की आतले जंतू खलास. खोकं उघडायचीही गरज नाही. पण खोक्याला पुरेसे किरण मिळाले की नाही, हे कळणार कसं? किरण ना दिसतात, ना त्यांचा वास येतो. म्हणून प्रत्येक खोक्यात पारदर्शक प्लॅस्टिकची एक पट्टी ठेवायची. किरण लागले की पट्टी आतून जराशी बदलते. आपल्या डोळ्यांना कळत नाही, पण मशीनमध्ये घालून तिच्यातून अतिनील प्रकाश सोडला, की तो किती अडला त्यावरून डोस समजतो. कमी भरला, तर खोकं बाद.

“म्हणजे पट्टी आत बसून चुगली करते,” विद्याधर म्हणाला.

“हो! आणि चुगली पक्की खरी हवी. एका पट्टीची जाडी एक आणि दुसरीची दुसरी, असं असलं तर वाट लागली. सगळ्या पट्ट्या एकाच शीटच्या हव्यात. बोटांचे डाग तर अजिबात चालत नाहीत.”

“आणि परदेशी पट्ट्या मिळतात ना?”

“मिळतात, पण आयातीचं लायसन्स येईल तेव्हा. शेवटची पेटी उरलीय. आपल्याकडच्या ॲक्रिलिकच्या करून बघू, असं मीच आमच्या प्रमुख केळुसकर मॅडमना म्हटलं. आता… माझी जागा टेंपररी आहे. या पट्ट्या जमल्या तर काम पुढे चालणार आणि मीही. नाही जमल्या तर काम बंद आणि मी घरी.”

हे शेवटचं मी हसत हसत सांगितलं खरं, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. घरात बी.एस्सी. झालेली मी पहिलीच. पांढरा कोट घालून मशीनसमोर बसले की माझं मला इतकं भारी वाटायचं! ते सगळं आता या पट्ट्यांवर होतं. विद्याधर हसला नाही. त्यानं भिंतीची एक शीट ओढून टेबलावर घेतली.

“सांगा. किती जाडीला किती चालेल?”

आणि मग माझे साकीनाक्याचे फेरे सुरू झाले. घाटकोपरहून अंधेरीची बस पकडायची, पर्समध्ये जाडी मोजायचं स्क्रूगेज. मी एकेक पट्टी मोजायची आणि चुकली की बाजूला काढायची. तो कपाळावर हात मारायचा.

“एवढ्याशा फरकानं बाद? मॅडम, माणसांनाही असंच मोजता का तुम्ही?”

“माणसांना जास्त कडक.”

“मग आमचा नंबर कधी लागणार?”

“तुम्ही पट्टी आहात का? हात बाजूला घ्या… डाग पडतील!”

दुसऱ्या खेपेला बघते तर काय, स्वारी पांढरे शुभ्र हातमोजे घालून कटरपाशी उभी! बाजूच्या गाळ्यातल्या बँडवाल्याचे, लग्नात क्लॅरिनेट वाजवताना घालायचे. एका मोज्याला सोनेरी झालर. मी इतकी हसले, की लवूकाका स्टुलावरून उठून आत बघायला आले. कटर सुरू झालं, ॲक्रिलिकचा गोडसर वास सुटला, पांढरा भुसा उडून त्याच्या पापण्यांवर बसला… आणि माझं मोजायचं भलतंच लांबलं. तीच पट्टी मी तीनदा मोजली. त्याच्या ते लक्षात आलं, कारण तो खाली मान घालून गालात हसत होता. मेला!

पहिल्या पट्ट्यांना मॅडमनी किरणांचे वेगवेगळे डोस दिले. मी एकेकीचं रीडिंग घेतलं, कागदावर टिंबं मांडली आणि श्वास रोखून जोडली. टिंब आणि टिंब जागेवर! एक सुंदर, गुळगुळीत वळण. आता या शीटची पट्टी कुठल्याही खोक्यात टाका, तिचा डोस त्या वळणावरून वाचता येणार होता. मी जागच्या जागी उडीच मारली. मॅडम कधी हसत नाहीत, त्याही म्हणाल्या, “बरं आलंय. आता शुक्रवारी खरी खोकी. आपली पट्टी आणि परदेशी पट्टी, दोन्ही एकाच खोक्यात. शनिवारी ताडून बघू. याच शीटच्या चाळीस पट्ट्या आण.”

मी बस पकडली आणि उभ्याउभ्या साकीनाका गाठला. कागद त्याच्यासमोर नाचवला.

“हे बघा! हे बघा काय आलंय!”

“रेघ आलीय,” तो म्हणाला.

“नुसती रेघ नाही हो! एकही टिंब इकडचं तिकडे नाही!”

“मला टिंबांतलं कळत नाही,” तो हळूच म्हणाला. “पण तुम्ही अशा नाचत येणार असाल, तर मी आयुष्यभर पट्ट्या कापीन…”

कटर बंद होतं, आणि तरी माझ्या कानांत काहीतरी घरघरत होतं. “याच शीटच्या चाळीस हव्यात,” मी कशीबशी म्हणाले. “गुरुवारी सकाळी.” त्याच्याकडे न बघता बाहेर पडले, तेव्हा घाईत चुकीच्या बसमध्ये चढले आणि सांताक्रूझला जाऊन परत आले.

गुरुवारी सकाळी पट्ट्या स्वतः मुलुंडला घेऊन आला तो. खोकं दिलं, डोळे मिचकावले. “खास आहेत. झकास. बघाच तुम्ही.”

खास होत्याच. पाण्यासारख्या नितळ. खोक्यात टाकण्याआधी प्रत्येक पट्टीचं कोरं रीडिंग घ्यावं लागतं, म्हणून मी पहिली मशीनमध्ये सरकवली. काटा थेट शेवटाला जाऊन आदळला. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसरी घातली. तिसरी. दहावी. तेच! डोळ्यांना आरपार दिसणारी पट्टी मशीनला भिंतीसारखी दिसत होती. अतिनील प्रकाशाचा एक कण पलीकडे जात नव्हता.

उद्या सकाळी खोकी आत जाणार, आणि माझ्याकडे चाळीस निरुपयोगी तुकडे. मॅडमना “आलेच” म्हणाले आणि धावत सुटले.

“कुठली शीट आहे ही?” गाळ्यात शिरता शिरताच मी ओरडले. बँडवाल्यानंही डोकावून बघितलं.

विद्याधरचा चेहरा खुलला. “ओळखलंत? म्हटलं नव्हतं, खास आहे! कालच आलीय. उन्हात कितीही ठेवा, वर्षानुवर्षं पिवळी पडत नाही. बाहेरच्या बोर्डांसाठीची, सगळ्यात भारीवाली. म्हटलं, तुमच्या कामाला साधी कशाला?”

“पिवळी पडत नाही, कारण उन्हातले अतिनील किरण ती आतल्या आत गिळते! माझं मशीन त्याच किरणांनी बघतं! तुझी भारी शीट माझ्या मशीनला काळीठिक्कर दिसते, कळलं? मी तुला तीच शीट सांगितली होती ना? तीच!”

रागाच्या भरात मी त्याला ‘तू’ म्हटलं, हे मला फार उशिरा कळलं. त्याला लगेच कळलं असावं. पण तो पार पांढरा पडला होता.

“मी… मला वाटलं, चांगल्यात चांगलं द्यावं…”

“मला चांगल्यात चांगलं नको होतं! मला साधं हवं होतं! विचारायचं होतंस ना एकदा! चहा न विचारता, वडा न विचारता, शीट पण न विचारता! उद्या माझी नोकरी जाणार, विद्याधर!”

बोलता बोलता रडूच आलं. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, पुढे केला, मग मागे घेतला. हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

“जुन्या शीटचं काही उरलंय का?” मी डोळे पुसत विचारलं. “तुकडा तरी?”

“उरलेली… काल दिंडोशीच्या एका गिऱ्हाइकाला गेली. शोकेसला.” तो अडखळला. “नाही… म्हणजे… नाही उरली.”

“अरे, खोटा कित्याक बोलतंस?” दारातून लवूकाकांचा आवाज आला. “ती पाटी दाखय ना तिका! इतके दीस खपलो हास तिच्यार.”

“बाबा!”

“बाबा काय? त्या चेडवाची नोकरी जातली हा आणि तू लाजत बस.”

विद्याधर कानापर्यंत लाल झाला. माझ्याकडे न बघता त्यानं टेबलाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि समोर ठेवलं. मी कागद सोडला.

दारावर लावायची पाटी होती. जुन्या शीटची, वरचा कागदही अजून निघाला नव्हता. मागून अक्षरं कोरली होती, रंग भरायचा बाकी होता. वळणदार, रेखीव अक्षरं… उत्तरा विद्याधर धुरी.

आनंद झाला का? झाला की! खोटं कशाला बोलू. अंगभर झाला. आणि त्याच्याच पाठोपाठ राग आला, पहिल्यापेक्षा मोठा.

“हे पण?” मी म्हणाले. “न विचारता शीट बदललीस… आणि न विचारता माझं नाव पण?”

“चुकलो,” तो म्हणाला. मग पाटी हातात घेऊन त्यानं तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला. हातमोजा घालून. “चाळीस निघतील का, ते सांग. अक्षरांच्या वरून, खालून, नावांच्या मधून…”

मी स्क्रूगेज काढलं. जाडी चोख. कोरलेला भाग सोडून आखून बघितलं. बसत होत्या, अगदी काठोकाठ बसत होत्या.

“काप,” मी म्हणाले.

कटर सुरू झालं. आधी वरची कड गेली, मग खालची. मग त्यानं पाटी आडवी फिरवली आणि ‘उत्तरा’ आणि ‘विद्याधर’च्या मधून पातं घातलं. मी दुसरीकडे बघितलं. एकेक पट्टी मी चिमट्यानं उचलली, मोजली, कागदात ठेवली. एक पट्टी जाडीत किंचित कमी भरली, तेव्हा त्यानं ‘धुरी’ शेजारचा शेवटचा कोपरा कापून दिला. निघताना मी मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर निघालेच नसते.

शुक्रवारी सकाळी खोकी आत गेली. शनिवारी बाहेर आली. मॅडम परदेशी पट्टीचं रीडिंग मोठ्यानं वाचायच्या, मी आमच्या पट्टीचं. पहिलं खोकं जुळलं. दुसरं जुळलं. तिसऱ्याला मी डोळेच मिटले. तेही जुळलं! शेवटच्या खोक्यापर्यंत माझा आवाज इतका चढला होता, की मॅडम म्हणाल्या, “म्हाडगुत, हळू. मशीन घाबरेल.” मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “पुढच्या महिन्यापासून हे काम तुझ्याकडे. ऑर्डर निघेल. आणि ती शीट बनवणाऱ्यांकडून साधा माल एकगठ्ठा मागव.”

मी कोट घालूनच बाहेर धावले. कुठे धावत होते, देव जाणे! साकीनाक्याला, अजून कुठे? पण गेटपर्यंतच पोचले. रस्त्याच्या पलीकडे तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हात रिकामे.

“इकडे येऊ का?” तो तिथूनच ओरडला.

“ये की!”

आला. हातभर लांब थांबला. “इथे उभा राहू? चालेल?”

“विद्याधर, नाटकं नको!”

“नाटकं नाहीत. शिकतोय.” त्यानं घाम पुसला. “पट्ट्या… जमल्या का? विचारू ना?”

“जमल्या!” मी किंचाळलेच. “सगळ्या! एकूण एक खोकं! नोकरी पक्की झाली, काम माझ्याकडे आलं…” मी त्याचे दोन्ही हात धरले होते आणि रस्त्यात उड्या मारत होते. गेटवरचा वॉचमन स्टूल ओढून नीट बघायला बसला. विद्याधर हसत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. मग एकदम गंभीर झाला.

“आणखी एक विचारायचंय. नाही म्हणालीस तरी साधी शीट मिळत राहील, त्याचा याच्याशी संबंध नाही.”

“विचार.”

“मला तू आवडतेस. रस्त्यात नाक चोळत ओरडत होतीस, तेव्हापासून. तू… माझ्याशी लग्न करशील का?”

मला वाटलं होतं, मी लाजेन, खाली बघेन, पदराशी चाळा करेन. काही नाही. पदरच नव्हता, कोट होता.

“हो!” मी इतक्या जोरात म्हटलं, की वॉचमननं टाळी वाजवली. मग हळू म्हटलं, फक्त त्याला ऐकू येईल असं, “हो… मला पण तू कधीचा आवडतोस. पट्ट्या मोजायला इतका वेळ लागतो का कुणाला?”

आम्ही चालायला लागलो. कुठल्या दिशेला, ते दोघांनीही बघितलं नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “पाटी नव्यानं करावी लागेल. काय लिहू?”

“माझं नाव आहे तसं. उत्तरा म्हाडगुत. शेजारी तुझं.”

“आडनावासकट दोन्ही? मग मोठी लागेल.”

“कर मोठी.”

तो थांबला. खिशातून पेन्सिल काढली, कानावर ठेवली आणि दुकानात गिऱ्हाइकासमोर उभा राहावं तसा माझ्यासमोर उभा राहिला.

“मॅडम, शीट कुठली घालू?”

मी त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली.

“भारीवाली,” मी म्हणाले. “दाराबाहेर उन्हात लावायचीय ना.”